रूपालीच्या खोक्याचे गाऱ्हाणे

२ मार्च

रूपालीने आज वरच्या माळावर खांब रोवला. गुरे त्याला अंग घासतील आणि पाडतील, हे मी तिला सांगितले. वारा सुटला की तार तुटेल, हेही सांगितले. ती म्हणाली, "आबा, तुम्ही आहात ना लक्ष द्यायला." म्हणजे ती काळजीही आता माझ्याच डोक्यावर.

रूपाली माझी नात, माझ्या मुलाची, मंगेशची थोरली. मुंबईच्या एका कॉलेजात ती आणि तिच्याबरोबरची मुले मिळून एक उपग्रह बनवत आहेत. हे मला ठाऊक आहे, पण नीट कळलेले नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत. पुढचा जन्म आंबेनळी घाटात मैलकुली म्हणून गेला, रस्त्यावर आलेले दगड बाजूला करण्यात आणि गटारे मोकळी करण्यात. वही मात्र मी लिहितो. डोक्यात जे फिरत राहते ते कागदावर उतरवले की माझ्या बायकोला, रखमाला, कमी ऐकावे लागते. हा उपाय तिचाच.

वीर स्टेशनवरून सामान अनिलच्या रिक्षातून आले. अनिल आमचा शेजारी. खांब रिक्षाच्या दोन्ही अंगांनी बाहेर डोकावत होता.

"अण्णा, महाडात हवालदारानं अडवला," तो सांगत होता. "मी बोललो, सायेब, चांगूअण्णाची नात हाय, आभाळाला तार लावायला चाललीय. लगेच सोडला. येड्यांच्या नादी कोण लागतो."

खांब आमच्याच माळावर कशासाठी, ते मी विचारले. रूपाली म्हणाली, जिथे वीज आली तिथे तारांचा एक गुणगुण आवाज सगळीकडे भरून राहतो. आपल्याला तो कानाने कळत नाही, पण तिच्या यंत्राला दुसरे काही ऐकूच येत नाही. माळावर वीज नाही म्हणून माळ हवा. वीज यावी म्हणून याच माळाखाली आम्ही किती वर्षे अर्ज केले. आता तिथे ती नाही, हे कोणाच्या तरी कामाला आले.

३ मार्च

आज मी वीज ऐकली. हे कसे लिहावे ते समजत नाही.

सकाळी माळावर गेलो तेव्हा रूपाली खांबाखालच्या डबीला तारा जोडत होती. तिने कानाला लावायचे यंत्र माझ्या डोक्यावर बसवले. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मध्येच पुष्कळ एकदम.

"बिघडलंय गो हे," मी म्हणालो.

"बिघडलं नाही, आबा. विजा आहेत त्या."

मी वर पाहिले. आभाळ धुतल्यासारखे निळे. प्रतापगडाच्या अंगालासुद्धा ढगाचे बोट नव्हते.

"आपल्याकडे नाहीत," ती म्हणाली. "आत्ता सुमात्राकडे पडत असतील, नाहीतर आफ्रिकेत. वीज कुठेही पडली की तिची रेडिओची लाट निघते. इथपर्यंत येते. ती आपण ऐकतोय."

मी कितीतरी वेळ ऐकत उभा राहिलो. एकेक तडाखा म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरचे आभाळ फाटले. तिकडेही कोणी आपली गुरे आत घेत असेल, पोरांना हाका मारत असेल, आणि मी इथे उन्हात उभा राहून ते ऐकतो आहे.

मग तिने फोनमध्ये भरून आणलेला दुसरा आवाज ऐकवला. तो थंड देशातल्या कोणी टिपलेला आहे. लांब कोणीतरी शीळ घातली आणि शीळ घालता घालताच डोंगर उतरून खाली गेला, तसा. वरून खाली, विरत विरत संपला. 

"हीसुद्धा वीज?"

"हो. ही पृथ्वीच्या खालच्या अंगाला पडली होती. तिची लाट वर निघाली, आभाळाच्याही वर. तिथे कमानीसारखी वळली आणि या अंगाला उतरली. बारीक सूर पुढे धावतात, जाड सूर मागे पडतात. म्हणून अशी शीळ होते."

आपल्याकडच्या विजांची शीळ अशी वर जाते का, किती जाते, हे नीट कोणी ऐकलेले नाही म्हणे. ते ऐकायला तिचा उपग्रह वर जाणार, आणि त्याच वेळी खाली काय पडले ते हा खांब टिपणार.

मी जन्मभर विजेला भ्यालो. घाटात असताना ढग वाजले की आम्ही पहारी टाकून देत होतो. वीज खाली येते एवढेच मला ठाऊक होते. ती वरही जाते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

४ मार्च

रूपाली गेली. जाण्याआधी तिने उपग्रहाचा फोटो दाखवला. मी मंदिराच्या कळसाएवढे काही मनात धरून होतो. बुटाचे खोके असते तेवढाच आहे. त्याला आमच्या साहेबाच्या मोजपट्टीसारख्या लवचिक पट्ट्या लावल्या आहेत. वर गेला की त्या आपोआप उलगडणार. "एवढ्याशासाठी एवढं?" असे मी म्हणालो आणि मग वाईट वाटले. तिचा चेहरा पडला नाही, पण मी तसे म्हणायला नको होते.

१५ मार्च

शिमग्याची पालखी आज आमच्या वाडीत आली. गाऱ्हाणे मी घातले.

हा मान आमच्या घराकडे आहे. आधी बाप घालत होता, आता मी. काळकाई आईपुढे उभे राहून घराघराचे सांगायचे. कोणाचा मुलगा कुठे आहे, कोण आजारी, कोणाचे लग्न अडले. सांगितले की मागायचे, आणि प्रत्येक मागण्यावर माणसे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. शब्द चुकला तर तो चुकीचाच देवीला पोचतो, असे बाप म्हणायचा. त्यामुळे शिमगा जवळ आला की माझे जेवण कमी होते.

रखमाने सकाळीच बजावले होते, "पोरीच्या खोक्याचं इसरू नकोस. सगळ्या वाडीचं ध्यानात ठेवतोस आन् घरचं इसरतोस."

मी घराघराचे सांगून झाल्यावर म्हणालो, "आई, माझ्या नातीचं खोकं आभाळात चाललंय. तुझी शीव डोंगरापत्तुर, तिथनं पुढं कुणाची ते आमाला ठावं नाय. ज्याची आसंल त्याच्या हाती सोपव. वाटंत काय आडवं येईल ते बाजूला कर. जसं जाईल तसं सुखरूप माघारी आण."

"व्हय म्हाराजा." चाकरमानी आलेले, त्यामुळे आवाज मोठा आला.

कुठे अडखळलो नाही. आज जेवलो.

२ एप्रिल

रूपालीचा फोन. तारीख ठरली, या महिन्याची बावीस. एका नव्या कंपनीचा अग्निबाण आहे, पहिल्यांदाच उडणार. त्यांचे सर म्हणत होते, जुन्या अग्निबाणात जागा मिळेपर्यंत थांबू, दीड वर्ष जाईल. हिने सगळ्यांना पटवले की थांबायचे नाही, यंदाच्या वळवाच्या विजा हातच्या जातील. सर म्हणाले, तू म्हणतेस तर होऊ दे. अशी बोलण्यात पक्की आहे. मंगेश असा नाही.

माकडांनी खांबावरची तार ओढली होती, मी ती पुन्हा बांधली. बरोबर बांधली की नाही या काळजीने परत एकदा वर जाऊन आलो. रखमा म्हणते, माकडांपेक्षा मीच जास्त वेळा वर जातो.

२२ एप्रिल

आज वही उघडायची नव्हती. तरी लिहितो.

अनिलच्या घरी मोठा टीव्ही आहे. सकाळी सगळी वाडी तिथे. बायकांनी चुली विझवून ठेवल्या. बनुबाई सर्वांत म्हातारी, ती पुढे, टीव्हीला नाक लावून. रूपाली मुंबईला कॉलेजात बसून बघत होती.

अग्निबाण सुटला. पहिल्यांदा नुसता धूर, आणि मग त्या धुरातून तो असा सावकाश निघाला की मला वाटले नाही जमणार. मग निघालाच. मी जन्मभर मोठमोठे दगड खाली येताना पाहिले आहेत. एवढे जड काही वर जाताना कधीच पाहिले नव्हते. माझे हात आपोआप जोडले गेले. सगळी वाडी उभी राहिली. पोरेसुद्धा.

पडद्याच्या खाली दोन रेघा होत्या. एक हिरवी, आधीच काढून ठेवलेली. दुसरी पांढरी, तो जाईल तशी पुढे सरकणारी. पांढरी हिरवीवरून चालली होती. बराच वेळ चालली. मग ती हिरवी सोडून खाली वाकली.

इंग्रजीत बोलणारा माणूस गप्प झाला.

बनुबाई म्हणाली, "वळला वाटतं. येतोय माघारी."

"एवढ्यात?" कोणी विचारले.

"मंग? अण्णानं मागितलं नव्हतं माघारी आण म्हणून? अण्णा, तुझं गाऱ्हाणं लागलं बघ." ती माझ्याकडे वळून हसली. तिला आनंद झाला होता. दोघी-तिघी बायकांनीही माना डोलावल्या. खोके कुठे उतरेल, समुद्रात की इकडे, याची चर्चा सुरू झाली.

अनिलला थोडे इंग्रजी समजते. त्याने आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिलेच नाही.

२३ एप्रिल

पहिला टप्पा बरोबर चालला, दुसऱ्याचे यंत्र पेटून लगेच विझले, सगळे समुद्रात गेले. असे मंगेश फोनवर म्हणाला. यंत्र का विझले ते कंपनी शोधते आहे.

मी फोन ठेवला. यंत्र का विझले ते मला माहीत आहे. माघारी आण, असे मीच म्हणालो. सगळ्या वाडीने त्यावर होकार भरला. जे वर राहायला चालले होते, त्याला मी माघारी बोलावले. मुंबईला जाणाऱ्यांसाठी जे मागायचे, तेच त्याच्यासाठी मागितले. डोके कुठे होते माझे?

रूपालीचा फोन बंद आहे.

२७ एप्रिल

पोलादपूरला शरद गुरुजींकडे गेलो. मंगेश त्यांच्या वर्गात होता. आता ते घरीच असतात. त्यांच्या मिसेसनी चहा दिला. मी सगळे सांगितले.

गुरुजी हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. म्हणाले, "चांगूअण्णा, अग्निबाण गाऱ्हाण्याने पडत नाही. त्याची कारणे त्याच्या आतच असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"नक्की?"

"नक्की. शब्दाने यंत्र विझत नाही."

"मग गुरुजी, मागल्या साली शेजारचं पोर तापातून उठलं, त्याचं गाऱ्हाणं मी घातलं होतं. तेही माझ्या शब्दानं उठलं नाय म्हणायचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ते औषधाने उठले असेल," ते हळूच म्हणाले.

"मग मी इतकी वर्सं तिथं उभा राहून करतो काय?"

 मिसेस म्हणाल्या, "अहो, त्यांना आणखी चहा द्या."

एसटीत बसून विचार करत आलो. माझा शब्द पोचत नसेल तर माझ्या हातून चूक झाली नाही. पण मग बापाने आणि मी जन्मभर केले ते सगळे वाऱ्यावर गेले. आणि पोचत असेल, तर नातीचे खोके मी बुडवले. गुरुजींना वाटले त्यांनी माझे ओझे उतरवले. त्यांनी दुसरे चढवले. खरे सांगायचे तर पहिलेच बरे होते.

६ मे

रूपाली आली. अनिलने वाडीत आणून सोडले. वाटेत एक शब्द बोलली नाही, असे तो सांगत होता. "अण्णा, मी दोन जोक मारले, दोन्ही वाया गेले."

वाळली आहे. आजीच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, आणि माझ्याकडे नीट पाहिले नाही. खांब आणि डबी काढून न्यायला आली आहे. माळावरचे काम संपले म्हणते.

रखमाने विचारले, "संपलं म्हंजे?"

"म्हणजे संपलं, आजी. मी नोकरी बघतेय. बँकांची कामं करणारी एक कंपनी आहे."

रखमाने माझ्याकडे पाहिले. मी बाहेर जाऊन लाकडे फोडली. घरात फोडलेली पुष्कळ होती.

८ मे

तिच्या सरांचा फोन अनिलच्या फोनवर आला. हिने स्वतःचा बंदच ठेवला आहे. वाडीत आवाज तुटतो, म्हणून ती फोन घेऊन माळाच्या कडेच्या खडकावर गेली. मी खांबाजवळ होतो.

तिच्या बोलण्यावरून मला कळले ते असे. उपग्रह बनवताना त्यांनी तपासणीसाठी त्याच्यासारखाच एक जोडीदार बनवला होता. तो कॉलेजात कपाटात आहे. येत्या हिवाळ्यात उडणाऱ्या एका जुन्या, खात्रीच्या अग्निबाणात जागा रिकामी झाली आहे. पण काम हिने हातात घेतले तरच सर हो म्हणणार, आणि उत्तर त्यांना शनिवारी द्यायचे आहे. शनिवार म्हणजे परवा.

ती म्हणाली, "सर, तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी द्या." मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "जे झालं ते माझ्यामुळे झालं. बाकी कोणाला काही बोलू नका. प्लीज."

 तिला माहीत आहे. बनुबाईने सांगितले असणार, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि ही पोर माझ्यासाठी सगळे आपल्यावर ओढून घेते आहे. म्हाताऱ्याला बोल लागू नये म्हणून आपले काम सोडते आहे.

९ मे

दुपारी ओटीवर बसलो होतो. तिने एकदम विचारले, "आबा, घाटात गाड्या सोडायच्या की थांबवायच्या, हे कोण ठरवायचं?"

"मुकादम. तो नसला तर मीच."

"आणि तुम्ही म्हणालात सोडा, आणि वरून दगड आला तर?"

 सरळ बोलायचे नाही म्हणून ही आडवळणाने येते आहे.

"तसं कधी झालं नाय."

"झालं असतं तर? तुम्ही पुन्हा कामावर गेला असतात?"

"आजीनं कुळथाचं पिठलं केलंय," मी म्हणालो, आणि उठून गेलो.

मी भित्रा माणूस आहे. उद्या शनिवार. मी बोललो नाही तर हिचे काम जाणार, आणि ते माझ्यामुळे जाणार. आज लिहून ठेवतो म्हणजे उद्या मागे फिरता येणार नाही. मी तिला सांगणार.

१० मे

सकाळी ती माळावर गेली ती खांब उपटायलाच. दुपारी अनिल रिक्षा घेऊन येणार होता. मी मागून गेलो. चढाला धाप लागली, दोनदा बसलो. पोचलो तेव्हा तिने एका बाजूची माती उकरली होती आणि खांब कलला होता.

"तो काढू नको," मी म्हणालो. "त्यानं काय केलंय? पाडलं ते मी."

ती पहार हातात धरून तशीच उभी. "काय?"

"तुला ठावं हाय. तुझं खोकं मी पाडलं. शिमग्याला आईपुढं बोललो, जसं जाईल तसं माघारी आण. तशीच सवय पडली, मुंबईवाल्यांचं म्हणत म्हणत. ते माघारी यायचंच नव्हतं हे डोक्यात आलं नाय. तू माझ्यासाठी सरांशी खोटं बोलू नको. त्यांना सांग, म्हाताऱ्यानं शब्द चुकवला. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

ती हसली. मग हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. मी पाणीही नेले नव्हते.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या बोलण्याने एवढा अग्निबाण वळला?"

"का, माझा शब्द इतका पोकळ हाय?" मला राग आला, आणि आपल्याला राग कशाचा येतो आहे तेही कळेना.

"तसं नाही. पण तो पडला त्याला कारण मी आहे. सर थांबा म्हणत होते. मी ऐकलं नाही. मी सगळ्यांना भरीला पाडलं. सहा जणांची चार वर्षं होती त्यात. मी थांबले असते तर आज ते खोकं कपाटात सुरक्षित असतं."

"आगो, तू थांब बोलली नाय म्हणून त्यांचं यंत्र विझलं?"

"तसं नाही, पण..."

"पण काय?"

तेवढ्यात रखमा भाकऱ्या आणि पाण्याची कळशी घेऊन आली. आम्ही दोघेही बोलत होतो, त्यामुळे आधी तिला काही कळेना. मग तिने पहार उचलून बाजूला ठेवली आणि दोघांकडून पुन्हा सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे ह्यो म्हनतो मी पाडलं, आन् ही म्हनती मी पाडलं," ती म्हणाली. "आन् ज्यांनी उडवलं, ते?"

"ते शोधताहेत, आजी."

"शोधू द्या त्यांना. त्यांचं काम ते करतायत. एक खोकं बुडलं आन् माझ्या घरात दोन चोर निघाले. दुसरं हाय म्हनं कपाटात. त्याचं काय ते बोला. भाकर निवते."

 आम्ही तिथेच बसून भाकरी खाल्ली. रूपालीने एका हाताने ते यंत्र कानाला लावले. पलीकडे महाबळेश्वराच्या डोक्यावर ढग चढत होते. ती ऐकत होती. घास हातात तसाच राहिला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती लहान असताना मी तिला पहिल्यांदा घाटातले धबधबे दाखवायला नेले होते, तेव्हा तिचे तोंड असे झाले होते.

"जवळ आहेत," ती म्हणाली. तिने यंत्र माझ्या डोक्यावर बसवले. मोहरी नव्हे, फटाके वाजत होते. यांतली एखादी आत्ता वर निघाली असेल, कमानीवरून चालली असेल. कोणाला पत्ता नाही.

जेवण झाल्यावर तिने खांब सरळ केला. मी धरला, तिने माती लोटली आणि पायाने दाबली. मग फोन सुरू करून खडकाकडे गेली. मी मागे गेलो नाही.

अनिल आला तेव्हा तिचे बोलणे चालूच होते. "म्हंजे मी नुसता वारा खायला चढलो?" तो म्हणाला.

रखमाने त्याला उरलेली भाकरी दिली.

२४ मे

नवी काळजी. पेरणीआधी गावाच्या रक्षणासाठी देवीला कोंबडा द्यायची राखण तीस तारखेला आहे. गाऱ्हाणे मलाच घालायचे आहे, आणि सगळी वाडी विचारते आहे, दुसऱ्या खोक्याचे काय मागणार.

रूपालीला फोनवर विचारले. काम झाले की ते वरच्या वर जळून जाणार, असे ती म्हणाली. म्हणजे जा आणि माघारी येऊ नको, असे मागायचे? जा आणि जळ? असा शब्द त्या देवळात कोणाच्या तोंडून निघाला नसेल. वाडीत एक घर नाही ज्याचे माणूस बाहेर नाही, आणि एकही गाऱ्हाणे नाही ज्यात "माघारी आण" नाही. माझ्या तोंडून "येऊ नको" निघाले आणि ते भलत्याच कोणाला लागले तर?

"आबा, गाऱ्हाण्यात नाही घातलं तरी चालेल," ती म्हणाली. प्रेमानेच म्हणाली. मला लागले.

रखमाला विचारले, काय मागू. ती म्हणाली, "एवढं मागता येत नसंल तर नको मागू. सांग नुसतं. आईला तरी कुठं म्हाईत हाय, त्या खोक्यात काय हाय ते."

३० मे

राखण झाली. रूपाली दोन दिवसांसाठी आली होती. सुट्टीला आलेले चाकरमानी अजून आहेत, देवळाबाहेरही माणसे उभी होती.

घराघराचे सांगून झाले. प्रत्येक मागण्यावर "व्हय म्हाराजा" आला. मग रूपालीचे नाव घेतले आणि पुढचा शब्द येईना. समईकडे पाहत उभा राहिलो. शेवटी रखमा म्हणाली होती तेच केले. मागितले काही नाही. सांगितले.

म्हणालो, "आई, तुझ्या माळावर वीज पडते ती तू बघतेस. ती पडते तशी वरही जाते, हे तुला ठावं असंल, आमाला नव्हतं. तिची शीळ होते. ती आभाळाच्या वर चढते. तिथं ना वारा, ना पाखरू. तिथनं कमानीवरनं चालते आन् पृथ्वीच्या खालच्या अंगाला उतरते."

मी थांबलो. माणसेही थांबली. "व्हय म्हाराजा" कुठे म्हणायचे ते त्यांना कळेना, कारण मागणे कुठेच नव्हते. मला वाटले, झाले, सगळे विस्कटले. राखणीचा कोंबडा बाहेर बांधला होता, तो तेवढा ओरडला.

तेव्हा बनुबाई म्हणाली, "मंग? पुढं?"

गाऱ्हाण्यात असे कोणी बोलत नाही. पण तिने विचारले, म्हणून मी पुढे सांगितले. बारीक सूर पुढे धावतात आणि जाड मागे पडतात ते सांगितले. निरभ्र दिवशी आपल्या माळावर सुमात्राची वीज ऐकू येते ते सांगितले. बाहेरची माणसे दारात आली. मुंबईची पोरे फोन खिशात घालून ऐकत होती. मी देवीला सांगत होतो की त्यांना, ते मलाच कळेनासे झाले.

"आन् ती खालच्या अंगाला उतरती," बनुबाई म्हणाली, "तिथं कोन ऱ्हातं?"

मला माहीत नव्हते. मी रूपालीकडे पाहिले. ती बायकांमध्ये देवळाच्या खांबाला टेकून उभी होती.

"आपल्या विजेची जिथे उतरते, तिथे समुद्र आहे," ती म्हणाली. "कोणी राहत नाही."

"मंग एवढी लांब जाती, ती आयकतं कोन?"

"अजून कोणीच नाही."

 बनुबाईने तोंडावर पदर धरला. एवढी शीळ, इतक्या वर्षांची, आणि ऐकणारे कोणी नाही.

मग मागायचे काय ते मला समजले. देवीकडे तोंड केले आणि म्हणालो, "आई, तिथं आमचा एक कान पोचू दे. ती जाते ती कुणीतरी ऐकलेली असू दे. एवढंच."

सगळ्यांत आधी बनुबाई म्हणाली, मग बाकीची सगळी.

"व्हय म्हाराजा."